दाजींच्या पिंपांचा वास

माझी थोरली बहीण सायपिन पादेक घालते. पादेक म्हणजे आमचे मुरवलेले मासे. तळ्यातली बारकी मासळी, मीठ आणि भाजलेला कोंडा रांजणात दाबून भरायचा आणि महिनोन्महिने विसरून जायचं. भाजीत, चटणीत, कच्च्या पपईत, कशातही ते पडल्याशिवाय आमच्याकडे कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही. फू पानच्या डोंगराच्या या अंगाला ताईच्या हाताच्या पादेकला नाव आहे. ती रांजणाचं झाकण नुसतं किलकिलं करते, नाक पुढे करते आणि सांगते, "अजून बसू दे," नाहीतर "काढा." चाखून बघायची तिला कधी गरज पडत नाही.

तिचे यजमान खामपून, म्हणजे माझे दाजी, तेही आंबवण्यातलेच. फक्त ते झाडांसाठी आंबवतात. घरामागे आंब्याखाली त्यांची निळी पिंपं ओळीनं मांडलेली असतात. एकात काकवीत बुडवलेली माशांची आतडी आणि खवले, दुसऱ्यात पिकलेली केळी, पपई आणि भोपळा, तिसऱ्यात तळ्यातली नाळीची भाजी आणि बांबूचे कोवळे कोंब. एका बरणीत व्हिनेगरमध्ये घातलेली अंड्यांची टरफलं. यातलं पळीभर बादलीभर पाण्यात मिसळून ते वांग्यांना, मिरच्यांना पाजायचे. दुकानातलं खत त्यांनी कधी घरात आणलं नाही. "माणसाला पोटभर जेवण असताना गोळ्या कशाला," म्हणायचे.

सकाळी पिंपांकडे जाताना ते ताईच्या रांजणांपाशी थांबत, एखादं झाकण उचलत आणि विचारत, "हे माझ्या वांग्यांना घालू का गं?"

"तुमच्या वांग्यांच्या बापजाद्यांना परवडायचं नाही. झाकण ठेवा."

रोज हेच. मी कुंपणापलीकडे राहते, माझं शिवणयंत्र त्यांच्या ओसरीसमोरच्या खिडकीत आहे, त्यामुळे मला हे पाठ झालं होतं.

मग सरकारनं गांजावरची बंदी उठवली. आमची सरपंचीण प्रयोंग मोठी उलाढाली बाई. तिनं लगेच गट काढला. तालुक्याच्या इस्पितळाला औषधी तेलासाठी तुरे हवे होते, आणि अट अशी की झाडाला रासायनिक काहीही लागलेलं नको. प्रयोंग ओसरीत येऊन बसली, पाणी-पाणी करत दोन लोटे रिचवले आणि म्हणाली, "खामपूनदादा, अख्ख्या गावात हे काम तुमच्याइतकं कुणाला जमणार नाही. तुमच्या त्या घाणेरड्या पिंपांचे दिवस आलेत."

दाजी हसले. त्यांना मनातून लावायचं होतं, हे त्यांच्या कानांवरून कळत होतं. आनंद झाला की त्यांचे कान लाल होतात.

ताई आतून बाहेर आली. "लावायची तर लावा," ती म्हणाली. "पण तळ्याच्या पलीकडे लावा. त्या झाडांच्या वाऱ्याला मी उभी राहणार नाही. आणि मला तिकडे बोलवायचं नाही."

प्रयोंगला कळेना. मला कळलं.

आम्ही लहान असताना बाबा स्वयंपाकघरामागे गवती चहा आणि मिरच्यांच्या मधे गांजाची चार-दोन झाडं ठेवायचे. तेव्हा सगळ्यांकडेच असायची. कोंबडीच्या रश्शात दोन पानं, खोकल्याला काढा, म्हैस चारा खाईनाशी झाली तर तिला मूठभर. कायद्यानं बंदी होती, पण आमच्या रानात तो कायदा कधी फिरकत नसे. एके दिवशी फिरकला. जीप आली तेव्हा बाबा शेतावर होते, आई बाजारात. मी पाळण्याच्या वयातून नुकतीच बाहेर पडलेली. मला काही आठवत नाही. ताई मोठी होती. पोलिसांनी झाडं उपटली, अंगणात ढीग केला आणि पेटवला. धूर अंगभर येईस्तोवर ती तिथंच उभी होती, कारण तिला कुणी "जा" म्हटलं नाही. मग तिनं तळ्यावर जाऊन जंगली लिंबाच्या सालीनं केस धुतले, परत धुतले, आई येईपर्यंत धुतच होती. बाबांना शेतावरूनच नेलं. ते परत आले तेव्हा रस्त्याकडे पाठ करून बसायला लागले होते. पुढे जेवढे जगले तेवढे तसेच बसले.

दाजींना हे सगळं ठाऊक होतं. त्यांनी वाद घातला नाही. तळ्यापलीकडच्या तुकड्यात बांबूचं कुंपण केलं, रोपं लावली, आणि त्यांची तीन पिंपंही तिकडे हलवली. दुपारचं जेवण डब्यात नेऊ लागले. ताई डबा भरून ओसरीच्या कडेला ठेवायची. भांडण असं काही नव्हतं. एक घर होतं, त्याला दोन बाजू पडल्या होत्या, एवढंच.

रोपं गुडघ्याच्या वर आली आणि गावात तो साथीचा ताप आला. घराघरातून गेला. दाजींना जास्त झाला, ताईला थोडा. आम्ही कुंपणावरून पेज पोचवायचो. दोघं बरी झाली, दाजी पुन्हा तळ्यापलीकडे जाऊ लागले, आणि मला वाटलं, संपलं.

थोड्या दिवसांनी ताई माझ्याकडे चोळीचं माप द्यायला आली. माप देऊन झालं तरी उठेना.

"रागावलेत ते माझ्यावर," ती म्हणाली.

"दाजी? ते कशाला रागावतील?"

"रांजणापाशी थांबत नाहीत. सरळ जातात. जेवायला बसले की खाली मान घालून खातात. मी मुद्दाम नवा रांजण उघडला. नोई, तुला सांगते, इतका सुंदर लागला होता, आईच्या हातचा आठवावा असा. विचारलं, कसा झालाय? तर म्हणाले, 'बरा आहे.' बरा! माझ्या पादेकला आजवर कुणी 'बरा' म्हटलेलं नाही. त्यापेक्षा थुंकले असते तरी चाललं असतं."

"दमले असतील तापानं."

"दमलेला माणूस भांडतो. हे गप्प आहेत. त्या झाडांकडे मी जात नाही ना, त्याचं आहे हे सगळं. मनात धरून बसलेत." तिनं चोळीचं कापड घडी केलं, उलगडलं, परत घडी केलं. "बसू देत. मीही बसते."

त्यानंतर दोघं खरंच एकमेकांशी कामापुरतंच बोलू लागली. खिडकीतून बघून मला कसंतरी व्हायचं. दाजी समोरून जायचे, ताई पाठमोरी व्हायची. ती वळली की ते गेलेले असायचे.

आणि मग वास सुटला.

दाजींच्या पिंपांना वास असतोच, गाव त्याला सरावलेलं आहे. तो आंबट-गोड असतो, तांदळाच्या दारूसारखा, मागे थोडी मासळी. हा तसा नव्हता. हा मेलेल्या जनावराचा होता. वारा तळ्यावरून आला की मी शिवण टाकून खिडकी लावायची. प्रयोंगनं फोन करून विचारलं, "नोईताई, तुमच्याकडे कुणाची म्हैस मेली का?"

दुपारी मी छत्री घेतली आणि तळ्याला वळसा घालून गेले. कुंपणापाशी पोचेपर्यंत पदर नाकाला लावावा लागला. आत दाजी माशांच्या पिंपाशेजारी पाटावर बसून जेवत होते. पिंप उघडं होतं. वर काळी-हिरवी साय आली होती आणि माश्या घोंघावत होत्या. दाजी बांबूच्या टोपलीतून चिकट भाताचा गोळा करत होते, चटणीत बुडवून शांतपणे खात होते.

"दाजी! अहो काय मेलंय इथं?"

ते दचकले. माझ्याकडे बघितलं, पिंपाकडे बघितलं. मग पिंपावर वाकून मोठा श्वास घेतला आणि हसून म्हणाले, "का गं? छान गोड वास येतोय की."

माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, त्या वासानंच. त्यांनी ते पाहिलं, आणि त्यांचं हसू हळूहळू उतरलं.

मी झाडांकडे पाहिलं. शेंडे करपले होते. खालची पानं पिवळी पडून नख्यांसारखी आत वळली होती. काही मुळापाशीच मऊ झाली होती. तेच सडकं पाणी ते रोज निगुतीनं पाजत होते.

"तापापासून?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. "तुझ्या बहिणीला सांगू नकोस."

मी सरळ ताईकडे गेले. ती खलात कच्ची पपई कुटत होती. मी सगळं सांगितलं. मुसळ वरच्या वर थांबलं.

"वासच येत नाही?"

"काहीच नाही. त्या पिंपापाशी बसून जेवत होते, ताई. मला उभं राहवेना."

ताईनं मुसळ खाली ठेवलं. बराच वेळ तिनं खलात पाहिलं, जणू तिथं काही पडलंय. "बरा आहे," ती स्वतःशीच म्हणाली. "अगं, त्यांना काय माहीत बरा होता का वाईट. अंदाजानं बोलले. मला वाईट वाटू नये म्हणून." मग तिनं हात धुतले, डोक्याला फडकं बांधलं आणि निघाली.

"कुठं?"

"कुठं म्हणजे?"

तळ्याचा बांध अरुंद आहे. ती पुढे, मी मागे. कुंपणाच्या फाटकाशी ती थांबली. आत झाडं वाऱ्यानं हलत होती. मला वाटलं, परत फिरेल. तिनं फाटकाची काठी उचलली आणि आत गेली.

दाजी उभे राहिले. त्यांच्या हातात अजून भाताचा गोळा होता.

ताई त्यांच्याकडे न बघता पिंपापाशी गेली. वाकली. नाक पुढे केलं, जसं रांजणापाशी करते तसंच, पण यावेळी तिचं तोंड कसनुसं झालं. "मेलंय हे," ती म्हणाली. "काकवी कमी पडली. आणि झाकणाला फट राहिली, पावसाचं पाणी गेलंय आत." ती पुढच्या पिंपाकडे गेली. "हे चालेल. केळ्याचं आहे ना? आंबट आहे, पण जिवंत आहे." तिसरं. "याला अजून बसू दे."

मग ती वळली. "मला का नाही सांगितलंत?"

दाजी खाली बघत म्हणाले, "काय सांगू? नाक गेलेला माणूस पिंपं कशी लावणार? प्रयोंग म्हणाली असती, दादा, तुम्ही घरी बसा."

"प्रयोंगला नका सांगू. मला का नाही?"

"तुला या झाडांचं नावसुद्धा नको होतं."

"झाडांचं नको होतं. तुमचं कधी म्हटलं मी?"

दाजी एकदम बोलायला लागले, जसं बांध फुटावा तसं. "भात म्हणजे ओला कापूस झालाय. कॉफी म्हणजे गरम पाणी. वाटलं, येईल उद्या, येईल परवा. तुझ्या रांजणापाशी थांबायचो ना, आता थांबायची भीती वाटते. झाकण उचललं आणि काहीच नाही आलं तर? एकदा उचललं. काहीच नाही आलं. आणि तू शेजारी झोपतेस, तर तू आहेस का नाहीस ते डोळे उघडून बघावं लागतं."

"नोई," ताई माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू घरी जा."

मी घरी गेले नाही. फाटकाबाहेर जाऊन उभी राहिले. काही ऐकू आलं नाही. डोकावून पाहिलं तेव्हा ताई त्यांच्या हातातला तो भाताचा गोळा काढून घेत होती आणि त्यांची बोटं आपल्या फडक्यानं पुसत होती.

दुसऱ्या सकाळपासून ती रोज त्या वाफ्यात गेली. सडकं पिंप त्यांनी लांब खड्डा खणून त्यात रिकामं केलं आणि वर माती लोटली. झाडांना नुसतं तळ्याचं पाणी, भरपूर, मुळं धुऊन निघतील एवढं. मग काही दिवस काहीच नाही. दाजींना राहवेना. "उपाशी मरतील," ते म्हणायचे. "पोट बिघडलेल्याला पेजच देतात, मटण नाही," ताई म्हणायची. मग तिनं तांदळाचं धुवण आंबवून, त्यात थोडं दूध फाडून, वरचं पिवळसर पाणी तयार केलं. ते कसं करायचं हे दाजींनी सांगितलं, आणि झालं का नाही हे तिनं नाकानं सांगितलं.

माशांचं नवं पिंप लावताना मात्र मोठा घोटाळा झाला. मीही मदतीला होते. दाजी आतडी कापत होते, मी काकवी ओतत होते, आणि ताईनं सवयीनं कमरेच्या पिशवीतून खडे मीठ काढलं आणि मूठभर पिंपात टाकलं.

दाजी ओरडले, "अगं बाई! मीठ?"

"मासे आहेत ना?"

"झाडाला मीठ घालतात का कधी? मारशील की सगळी!"

"मग सांगायचं होतं आधी!"

"मासे बघितले की हिचा हात पिशवीत जातो! मला काय ठाऊक!"

ताईनं हात कमरेवर ठेवले. "मीठ नाही, कोंडा नाही, मग याला मासे घालणं कशाला म्हणायचं? ही तर चिखलपूजा झाली." पण हसायला आलं तिला, आणि मग दाजींना, आणि मला तर पिंपाच्या काठाला धरावं लागलं. ते मीठ पडलेले मासे ताईनं तिथल्या तिथं रांजणात नेले. काकवीमुळे त्यांचं पादेक गोडसर निघालं. आम्ही तेही संपवलं.

काही झाडं गेली. मुळं मऊ झालेली एकही वाचली नाही. बाकीच्यांना आधी एक, मग दुसरी, अशी कोवळी फिकट पानं फुटली. दाजी त्या पानांना बोटाच्या पाठीनं हात लावत, बाळाच्या गालाला लावावा तसा. तुऱ्यांत बी धरू नये म्हणून नर झाडं ओळखून त्यांनी वेळेवर उपटली. वर्षावास संपला, विहारात दिवे लागले, हवेत कोरडेपणा आला आणि झाडांना तुरे येऊ लागले.

मला धाकधूक होती. झाड नुसतं हिरवं असतं तोवर त्याचा फारसा वास नसतो. तुरा आला की मग तो येतो, आणि असा येतो की कुंपणं-भिंती काही मानत नाही. मी ताईच्या तोंडाकडे बघायची. ती केळ्या-भोपळ्याच्या पिंपातलं पाणी बादलीत मिसळून घालायची, काम करायची आणि लवकर घरी यायची. एकदा मी पाहिलं, ती ओसरीत बसून नुकतेच धुतलेले केस परत हुंगत होती.

दाजींनाही दिसत होतं. "तू नको येऊस आता," ते म्हणाले. "पिंपं लागलीत, आता मला जमेल."

"तुरे कधी काढायचे ते कसं कळेल तुम्हाला?"

"डोळ्यांनी बघेन. तुऱ्यावरचे केस तांबूस झाले की."

"आधी कशानं कळायचं?"

आधी त्यांना मिरची पिकली, वांगं जून झालं, सगळं वासानं कळायचं, हे तिला ठाऊक होतं. या झाडांचा वास त्यांनी लहानपणी घेतला होता, पण आता ते आठवणीवर काम करत होते.

"मग मी येणार," ती म्हणाली.

आणि मग रोज सकाळी दाजी तुरा जरासा तिच्याकडे वाकवून विचारायचे, "आज कसा आहे?"

पहिल्या दिवशी ती म्हणाली, "येतोय." एवढंच. दुसऱ्या दिवशी, "येतोय. हिरवा." मग काही दिवस, "कच्च्या कैरीच्या सालीसारखा." दाजी डोळे मिटून ऐकायचे. "आणि?" ते विचारायचे. "आणि काय, तेवढंच." "अगं नीट सांग. मागे काय आहे? साल म्हणजे नुकती सोललेली, की वाळलेली?" तिला राग यायचा, पण ती परत वाकायची.

एका सकाळी मी त्यांच्यासाठी गरम भाजलेली केळी घेऊन गेले होते. ऊन नुकतं आलं होतं, पानांवर दव होतं. दाजींनी विचारलं, "आज कसा आहे?" ताई वाकली. बराच वेळ वाकलेलीच राहिली. मग तिनं तुऱ्याजवळचं एक पान बोटांत चुरडलं आणि ती बोटं नाकाशी धरली.

"कैरी आहे," ती हळू म्हणाली. "मिरी आहे थोडी. आणि ओली माती. आणि..." ती थांबली. "बाबांचा सदरा."

मी केळ्यांची टोपली खाली ठेवली.

"संध्याकाळी यायचे ना ते," ताई दाजींना सांगत होती, पण बोलत होती माझ्याशीच. "हात धुवायच्या आधी परसात जायचे, पानं खुडायचे, चुरडायचे आणि हात सदऱ्याला पुसायचे. मग मला उचलायचे. मी नाक त्यांच्या इथं खुपसायची." तिनं स्वतःच्या खांद्यापाशी हात लावला. "हाच वास यायचा. हा. धुराचा नाही. धूर तर एकाच दिवशी होता. हा रोज होता. मी विसरले होते. रोजचा विसरले आणि त्या एका दिवसाचा धरून बसले."

ती रडली. तोंड लपवलं नाही, आवाजही केला नाही. दाजींनी तिच्या पाठीवर हात ठेवला. त्यांचेही डोळे भरले होते. मला बाबांचा तो सदरा आठवत नव्हता, कारण माझ्या आठवणीतले बाबा परत आल्यानंतरचे, पाठ करून बसणारे. मी पुढे झाले आणि म्हटलं, "मला दे ना तो हात." ताईनं बोटं माझ्या नाकाशी धरली. मी डोळे मिटून वास घेतला. माझ्या मनात कोणतंही चित्र आलं नाही, पण मला तो वास आवडला. मी तिला तसं सांगितलं.

"सांगेन तुला," ती म्हणाली. "मला आठवतंय तेवढं सगळं सांगेन."

आणि तिनं सांगितलं. त्या हिवाळ्यात, तुरे निवडताना, पानं छाटताना, ओसरीत दोरीवर उलटे टांगताना ती बाबांबद्दल बोलत राहिली. बाबा शीळ घालून कोंबड्यांना बोलवायचे. त्यांना गोगलगाई खायला आवडायच्या, पण काढायला कंटाळा यायचा. एकदा नाचताना ते विहाराच्या पायरीवरून पडले आणि उठून परत नाचले. मी हे काही ऐकलेलं नव्हतं. आमच्या घरात बाबांना नेण्याआधीच्या दिवसांबद्दल कुणी बोलतच नसे.

शेवटचे काही दिवस झाडांना नुसतं पाणी दिलं आणि ताईनं एका सकाळी "काढा" म्हटलं. दाजींनी कोयता घेतला. माल इस्पितळात गेला. एका पोत्यातल्या तुऱ्यांना आत बुरशी लागलेली निघाली, ती त्यांनी परत दिली. बाकीचं घेतलं. गटात सगळ्यात चांगला माल प्रयोंगचा ठरला, आणि ती पुढे कित्येक दिवस ते ऐकवत राहिली. दाजींचं त्यावर काही म्हणणं नव्हतं. इस्पितळातल्या तरुण डॉक्टरीणबाईंना ताईनं विचारलं, "यांचं नाक परत येईल का?" बाई म्हणाल्या, "काहींचं येतं, काहींचं अर्धवट येतं, काहींचं नाही. रोज ओळखीचे वास देत राहा. लिंबू, लवंग, जे असेल ते." मग ताई रोज त्यांच्या नाकाशी काहीतरी धरायची. मधे काही दिवस त्यांना सगळ्याला साबणाचा वास येत होता, भातालाही, मलाही. ते फार खूश झाले. मग तोही गेला.

ताईनं स्वयंपाक बदलला. जीभ त्यांची शाबूत होती. आंबट, खारट, तिखट कळायचं. मग ती भाजून भरडलेला तांदूळ वरून भुरभुरायची, दाताखाली कुरकुरावा म्हणून. लिंबू जास्त पिळायची. मिरची इतकी की मला त्यांच्या घरचं जेवण आता सोसत नाही.

पुढच्या वर्षी सगळ्या जिल्ह्यानं तीच झाडं लावली, भाव पडला, इस्पितळानं हात आखडता घेतला. प्रयोंगचा गट मशरूमकडे वळला. दाजी परत वांगी-मिरच्यांकडे आले. त्यांना फारसं वाईट वाटलं असं दिसलं नाही. पिंपं आहेतच. ताई सकाळी त्यांच्याबरोबर जाते, झाकणं उचलते, सांगते, ते ढवळतात. कामावरून दोघं सारखी भांडतात.

परवा विहाराच्या जत्रेत आम्ही तिघं बाकावर बसलो होतो. समोर कोळशावर कोंबड्या भाजत होत्या, एक माणूस नारळाच्या पिठाचे गोल गोल आप्पे काढत होता, गाणं लागलं होतं. दाजी ताईकडे झुकून म्हणाले, "सांग."

"कोंबडी," ताई म्हणाली. "गवती चहा चोळलाय तिला, आणि लसूण. डाव्या बाजूची करपतेय, त्याचं लक्ष नाही. नारळ. उदबत्त्या. पलीकडे कुणीतरी ओल्या गवतावर बसलंय."

"आणि?"

"आणि जाई फुललीय कुठंतरी."

मी आजूबाजूला पाहिलं. जाई कुठंच नव्हती. जनरेटरच्या धुराशिवाय मला तर काही जाणवत नव्हतं. मी ताईकडे बघितलं. तिनं डोळ्यांनीच मला गप्प केलं.

"जाई," दाजी म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "या दिवसांत?"

"फुललीय म्हणतेय ना."

"बरं. आणि?"

"आणि माझ्या बहिणीनं अत्तर लावलंय. बादलीभर."

"मला ऐकू येतंय!" मी म्हटलं.

दाजी हसत सुटले. मग त्यांनी ताईचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "कोंबडी घेऊया. उजव्या बाजूची."